दोराच्या वरच्या टोकाला

गावच्या तलावाला पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, मधोमध दगडी तुडूम आहे. तलावाचं पाणी पाटात सोडायची ती वाट. पाण्याखाली दीड पुरुष खोल एक भोक, त्यात लाकडाचं बूच, बुचाला गुंडाळलेली चिंधी. भारी, म्हणजे उशिराचा, धान निसवायला लागला, लोंब्या बाहेर पडू लागल्या की कुणीतरी खाली जाऊन ते बूच काढायचं, आणि आठ दिवसांनी पुन्हा खाली जाऊन लावायचं. लावलं नाही तर तलाव रिकामा होतो आणि वीस ढिवरांच्या घरची हिवाळ्याची मासोळी पाटाने वाहून जाते.

हे काम चाळीस वर्षं बुधराम ढिवर करत आला. आता तो सहासष्टचा आहे. त्याच्या मते बूच काढणं हे अर्धं काम, लावणं हे दीड. वाहतं भोक ओढतं. बूच, चिंधी, हात, जे जवळ येईल ते ओढतं.

म्हणून कमरेला दोर. दोर अंबाडीचा, नायलॉन ओला झाला की हातातून निसटतो. दोराचं दुसरं टोक पाळीवर खुशालकडे असायचं. खुशाल कुणबी, पाच एकरांचा धनी, गावाचं पाणी वाटायचं काम त्याच्याकडे. तो पाळीवर बसायचा, टाचा दगडाला लावायचा, दोर पाठीमागून घ्यायचा आणि तळहाताला एक वेढा द्यायचा. एक झटका म्हणजे दोर सोड. दोन झटके म्हणजे ओढ. बुधराम छातीभर पाण्यात उभा राहून विचारायचा,

"हाये का?"

"हं."

एवढंच. पण ते हं म्हणजे वर एका माणसाचं सगळं वजन दोरावर तयार आहे, असा त्याचा अर्थ. खुशालने ते बिडी पेटवताना कधी म्हटलं नाही, दुसरीकडे तोंड करून कधी म्हटलं नाही. एकदा तलाठी साहेब पाळीवर येऊन पिकाचं काही विचारू लागले. खुशालने मान वळवली नाही. साहेब चिडले. बुधराम वर आला, दोर सुटला, तेव्हा खुशाल उठून म्हणाला, "माफ करा साहेब. खाली मानूस होता."

पाण्यातली ही सवय बुधरामच्या जमिनीवरच्या बोलण्यातही उतरली. तो कमी बोलायचा, पण बोलायचा तेव्हा समोरच्याचे डोळे आपल्याकडे येईपर्यंत थांबायचा, आणि हं आल्याशिवाय पुढचा शब्द काढायचा नाही. बेबीबाई, त्याची बायको, चुलीजवळून टोमणा मारायची, "हं म्हनल्याशिवाय या बुढ्याची गाडीच पुढं सरकत नाही. मी भाकरी थापू का हं म्हनू?"

"दोनी कर."

"हं!" ती जोरात म्हणायची, आणि तो पुढे सांगायचा.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर खुशालला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात उरला आणि तोंडात एक हं उरलं. बुधराम रोज संध्याकाळी त्याच्या ओसरीवर जाऊन खाटेच्या कडेला बसायचा आणि तलावाची हालहवाल सांगायचा. पाणी किती हात उतरलं, रोहू किती भरला, कुणाचा बांध फुटला. खुशाल जिथे हवं तिथे हं द्यायचा. एकदा बुधराम म्हणाला, पाणी पाळीच्या वरून चौथ्या पायरीवर आहे. हं आलं नाही. खुशाल नुसता बघत राहिला. बुधरामने पुन्हा आठवून पाहिलं. "पाचव्या, पाचव्या," तो म्हणाला. "हं," खुशाल म्हणाला. जाताना खुशाल डावा हात वर करायचा. तो वर झाल्याशिवाय बुधराम उठायचा नाही.

यंदा आश्विनात पाऊस बंद झाला आणि धान निसवायला आला. खुशालचा मुलगा मनिष आता पाण्याचं पाहतो. बूच काढायचं ठरलं. दोर कोण धरणार?

मिथुन धरणार. बुधरामचा मुलगा, एकतीस वर्षांचा, लाखांदूरला हार्डवेअरच्या दुकानात कामाला. पोरगा वाईट नाही. दारू नाही, उलटून बोलणं नाही. उलटून बोलला असता तर बरं झालं असतं, निदान ऐकलं एवढं तरी कळलं असतं. बुधरामने त्याला तीन संध्याकाळी शिकवलं. टाच कुठे लावायची, वेढा कसा घ्यायचा, झटके किती. मिथुन फोन बघत होता आणि प्रत्येक गोष्टीला हं म्हणत होता, अगदी जागच्या जागी. बुधरामने ते हं खरं धरलं. इथेच तो चुकला. पण चाळीस वर्षं त्याने एकाच जातीचं हं ऐकलं होतं. दुसरी जात असते हे त्याला माहीत नव्हतं.

बूच काढायच्या सकाळी मनिष मोटारसायकल घेऊन पाळीवर आला. बुधराम कमरेला दोर बांधत होता.

"किती वेळ लागते?" मनिषने विचारलं.

"पान खाऊन होते तेवढा," बुधराम म्हणाला.

"नाही, मंग मी उद्याच येतो."

"उद्या? अरे, मी आता उतरून राहिलो ना."

मनिषने कानातला इअरफोन दाखवला. "तुमाले नाही काकाजी. फोनवर हावो." आणि हात हलवून तो पाटाकडे निघून गेला.

बुधराम छातीभर पाण्यात थांबला. "हाये का?"

"हं," मिथुन म्हणाला.

बुधराम खाली गेला. चिंधी फुगलेली होती. त्याने बूच डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, पाय दगडाला लावून उपसलं. बूच निघालं आणि त्याच क्षणी डावा हात मनगटापर्यंत भोकात गेला. त्याने उजव्या हाताने दोराला दोन झटके दिले. दोर ताठ झाला नाही. उलट वरून ढिला दोर खाली आला आणि त्याच्या गुडघ्यांभोवती बसला. त्याने पुन्हा दोन झटके दिले. मग झटके देणं सोडलं, कारण त्यात श्वास जात होता. दोन्ही पाय भोकाच्या दोन बाजूंना लावले आणि हात ओढून काढला. कातडी तिथेच राहिली.

तो वर आला तेव्हा दोर मिथुनच्या चपलेखाली होता. दोन्ही हात फोनवर होते.

"निंघालं का बूच?" मिथुनने विचारलं. मग त्याची नजर वर आली. "अरे बाप! रक्त कायचं?"

बुधराम पायरीवर बसला. श्वास आल्यावर म्हणाला, "झटके देल्ले मी."

"केव्हा? मी इथंच होतो ना, बाबा."

"इथंच होता तू."

"दुकानातून मेसेज आला होता, तेवढा पाहला. एक मिनिट." त्याने स्वतःचा रुमाल काढून बापाच्या मनगटाला बांधला. चेहरा खरोखरच उतरला होता. "लावाच्या टायमाले फोन खिशातून काढतच नाही. शपथ." गाठ मारता मारता फोन वाजला आणि त्याने तो पाहिला.

संध्याकाळी बुधराम खुशालकडे गेला. झालेलं ज्याला सांगावं असा तोच एक होता. बेबीबाईला सांगितलं असतं तर ती मिथुनवर ओरडली असती, आणि ओरडण्याने दोर ताठ होत नाही.

ओसरीवर खुशाल उशीला टेकून बसला होता. त्याच्या डाव्या हातात फोन होता. मनिषची बायको मेघा पाण्याचा गडवा घेऊन आली.

"पहा ना काकाजी, जुना फोन होता, बाबांले देल्ला. आता कसे मस्त करमून राहिले. दिवसभर बोलावत नाही कोनाले. आन् आंगठ्याचा व्यायाम होते." ती हसून आत गेली.

बुधराम खाटेच्या कडेला बसला. खुशालचे डोळे आपल्याकडे येतील म्हणून थांबला. बराच वेळ थांबला. फोनमध्ये एक बाई नाचत होती, मग एक माणूस कुत्र्याला आंघोळ घालत होता, मग कुणी ट्रॅक्टर उलटवला.

"खुशालभाऊ, आज बूच काढलं."

"हं."

"हात अडकला. दोन झटके देल्ले. दोर ढिला."

"हं."

"पाहा, मनगट पाहा." त्याने रुमाल सोडला. खुशालचा आंगठा वर सरकला. ट्रॅक्टर गेला, लग्न आलं.

बुधरामने रुमाल पुन्हा बांधला. दाताने गाठ ओढली. मग हळूच म्हणाला, "पानी तिसऱ्या पायरीवर हाये, खुशालभाऊ."

पाणी सातव्या पायरीवर होतं. एवढं वर, तिसऱ्या पायरीवर असतं तर पाऊस चालूच असता आणि तुडूम उघडावंच लागलं नसतं.

"हं."

"मी मेलो, खुशालभाऊ."

"हं," खुशाल म्हणाला.

बुधरामने गडव्यातलं पाणी पिऊन टाकलं. हात वर होण्याची वाट पाहिली. मग तसाच उठला.

त्यानंतर तो सात दिवस माणूस शोधत फिरला. पानठेल्यावर अमर भेटला, त्याच्याच जातीतला, दणकट, पोहण्यात पक्का.

"अमर, गुरुवारी दोर धराले येतो का? बूच लावाचं हाये."

"हं, येतो ना काकाजी."

"काय म्हनलं मी?"

अमरचा आंगठा थांबला. "तेच ना. जे म्हनलं तेच."

ठेल्यावरचे दोघे हसले, तेही खाली बघत.

बुधवारी जेवताना बेबीबाईने त्याच्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं, कुणी न सांगता. "मी धरू का दोर?"

तिचं वजन एक पोतं धानाएवढंही नव्हतं, आणि गुडघे गेलेले. दोराने तिलाच पाण्यात नेलं असतं.

"जेव तू," बुधराम म्हणाला.

जेवण झाल्यावर उजेड होता तोवर त्याने ऐनाच्या लाकडाचा एक खुंटा तासला. कोपरापासून बोटापर्यंतच्या मापाचे दोन हात, बुडाला टोक. पाळीवर जाऊन कुऱ्हाडीच्या तुंब्याने, मागच्या बोथट बाजूने, तो ठोकला, पाण्याच्या उलट बाजूला तिरका, हातभर आत. मागे झुकून सगळं वजन टाकून पाहिलं. खुंटा हलला नाही. मग दोराला वीत-वीत अंतरावर गाठी मारल्या. खुंटा ओढत नाही. वर यायचं तर स्वतःच गाठी धरून यावं लागणार होतं. दोराची लांबी त्याने दोनदा मोजली. बोटभरही ढील राहू दिली नाही.

गुरुवारी सकाळी मिथुन आला. दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आला होता. त्याने फोन खिशात ठेवला आणि खिशावर थाप मारून दाखवली. मग त्याला खुंटा दिसला.

"हे काय, बाबा? मी आलो ना."

"बस तिकडं."

"मानूस असताना खुंटा कायले? लोक काय म्हनन? आना, सोडतो मी."

"हात नको लावू."

"एक डाव चूक झाली तं जनमभर धरून बसाल का?"

बुधरामने त्याच्याकडे पाहिलं. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि डोळे सरळ त्याच्यावर होते. दोर द्यावा, असं त्याच्या मनात आलं. गाठीवर हातही गेला. तेवढ्यात मिथुनच्या खिशात काही थरथरलं. मिथुनने खिशाकडे पाहिलं नाही. पण त्याचे डोळे बापावरून हलले आणि कुठेच टेकले नाहीत. पाण्याखाली एवढ्या वेळात कातडी जाते.

बुधरामने गाठ तशीच राहू दिली आणि नवं बूच काखेत घेऊन उतरला. मिथुन दगडावर जाऊन बसला. करण्यासारखं काही नव्हतं. थोड्या वेळाने त्याने फोन काढला.

छातीभर पाण्यात बुधराम थांबला. तोंड उघडलं होतं, शब्दही जिभेवर होता. पाळीवर मिथुनची मान खाली होती. विचारलं असतं तर हं नक्की आलं असतं. बुधरामने विचारलं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो न विचारता खाली गेला.

भोक ओढत होतं. त्याने बूच समोरून नेलं नाही, बाजूने दगडाला घासत नेलं, आणि पाण्याने ते स्वतःच आत घेतलं. हात वेळेवर काढला. टाचेने दोनदा ठोकलं. चिंधी चारी बाजूंनी बसली का हे बोटांनी पाहिलं. एका जागी थंड धार लागत होती. तिथे आणखी चिंधी कोंबली. धार थांबल्यावर एक एक गाठ धरत तो वर आला. खोकला आला. बराच वेळ आला. पायरीवर ओणवा होऊन तो खोकत राहिला.

"बाबा," मिथुन दगडावरून म्हणाला. त्याचा आवाज बरा होता, आनंदाचा होता. "पानी बंद झालं पाटाचं. मनिषनं ग्रुपवर टाकलं."

"हं," बुधराम म्हणाला.

आणि खुंट्याची गाठ सोडायला बसला. ओल्या अंबाडीची गाठ आवळते. तिला वेळ लागतो.