कान तुटलेला कप

रोग्याच्या हातचा चहा सगळ्यांसमोर प्यायचा, हा आमच्या पथकाचा शिरस्ता होता. कुष्ठरोग नुसता अंगातून घालवून भागत नाही, लोकांच्या डोक्यातूनही काढावा लागतो, असं आम्ही बैठकांत एकमेकांना सांगायचो. म्हणून जीप रोग्याच्या दारात उभी करायची, अंगणातल्या बाजेवर बसायचं आणि गल्ली बघत असताना फुर्र करून चहा प्यायचा. "बघा, मला काही होतं का?" हे माझं ठरलेलं वाक्य. वर्धा जिल्ह्यात डॉक्टरकी केली म्हणण्यापेक्षा चहा प्यायलो म्हणणं जास्त खरं होईल.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. एकाच गोळीवर वर्षानुवर्षं काढायचे दिवस संपले होते. नवी औषधं आली होती आणि साधा चट्टा असेल तर रोगी काही महिन्यांत बरा होत होता. आता हा रोग उखडलाच, अशा तोऱ्यात मी फिरत होतो.

आंजीच्या पुढच्या एका गावात एक सून होती. पाठीवर एकच फिकट चट्टा, त्यावर पीस फिरवलं तर तिला कळायचं नाही. तिच्यापासून कोणाला लागण होण्याची भीतीही नव्हती. पण सासूने तिला चुलीपासून उठवून मागच्या गोठ्यात बसवलं. ताटली वेगळी, लोटा वेगळा आणि चहाला निळ्या फुलांचा एक कप, कान तुटलेला. तिची लहान पोर आजीच्या पदराआडून आईकडे बघायची. मला ते बघवत नसे.

"गोळ्या खाईन जी," ती म्हणाली, "पण मले माह्या चुलीपाशी जाऊ द्या म्हणा बुढीले."

मी शब्द देऊन बसलो. दर महिन्याला ती माझ्यासमोर गोळ्या गिळायची आणि मी अंगणात, तिच्याच कपातून, तिच्या हातचा चहा प्यायचो. औषध पुरं झालं. मी सासूला सांगितलं, सून बरी झाली, घरात घ्या.

"घेतो नं जी. घाई काऊन करून राह्यले?"

पुढच्या खेपेला गेलो तर सून गोठ्यातच. माझा पारा चढला. "आजी, मी स्वतः तिच्या हातचा चहा पितो, डोळ्यांनी बघता ना?"

म्हातारी शांतपणे म्हणाली, "म्हणूनच त घेत नाई. तुम्ही चहा पेले का गावाले समजते, या घरी महारोग हाय म्हणून. पाटलाच्या घरी कधी पेले का चहा? रोग नाई त्या घरी तुम्ही टेकत बी नाई."

मला डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं. तसाच तणतणत पाटलाकडे गेलो आणि तोंडाने चहा मागितला. दूध फाटलं होतं. शेजारच्या घरी पत्ती संपली होती. तिसऱ्या घराला बाहेरून कडी होती, पण कौलांतून चुलीचा धूर निघत होता. वाटसरूलाही चहाशिवाय न सोडणारं ते गाव, पण त्या दिवशी मला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. वर्ध्याला साहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आकडे उतरताहेत ना? मग झालं तर." कपाळ माझं!

शेवटी म्हातारीनेच तोडगा काढला. "औषध संपलं नं? मंग तुम्ही येनं बंद करा. तुमची गाडी दिसली नाई का मी तिले घरात घेतो."

म्हणजे माझ्या रोग्याला घर मिळावं म्हणून मीच तोंड काळं करायचं. चडफडत का होईना, मी कबूल झालो.

वर्ष उलटल्यावर एकदा चट्टा तपासणं भाग होतं. जीप फाट्यावर ठेवून चालत गेलो. बघतो तर काय, ती चुलीपाशी बसलेली, पोर मांडीवर, आणि म्हातारी शेंगा निवडताना तिच्याशी वाद घालत होती. मला इतका आनंद झाला की चट्टा बघून लगेच निघायचं ठरवलेलं विसरून मी बाजेवर बसलोसुद्धा. तिने चहा टाकला. सासूला, नवऱ्याला बशीसकट कप दिले. मग ती मागच्या दाराने गोठ्यात गेली आणि कोनाड्यातला तो निळ्या फुलांचा कप घेऊन आली. घासूनपुसून लखलखीत केला.

"हा तुमचाच ठेवला हाय, डॉक्टरसाहेब," ती मनापासून हसून म्हणाली. "घरात दुसऱ्या कोनाले देत नाई. तुम्ही त्या महारोग्याहीच्या घरी पेता नं रोज."

कपाला कान नव्हता. दोन्ही हातांनी धरला, बोटं भाजली. सगळं घर माझ्याकडे बघत होतं. मला काही होतं का, असं विचारायला माझी जीभ रेटली नाही.