डबा रिकामा द्यायचा नसतो

सिडनीच्या दुसऱ्या लॉकडाऊनमध्ये आमच्या टूनगॅबीच्या घरात तीन माणसं तीन खोल्यांत बसून तीन पडद्यांकडे बघत असायची. नवरा ऑफिस करत होता, मुलगी शाळा करत होती आणि मी एका पार्सलचा माग काढत होते. चीनमधल्या एका लहानशा गावातून माझ्या आईचा डबा निघाला होता. आठ आठवडे झाले तरी तो 'वाटेत' होता.

डबा म्हणजे साधा स्टीलचा, कडीचा. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी आईचं नाव घातलेलं. त्या मे महिन्यात आई साताऱ्यात गेली. मला इथून निघायची परवानगी मिळाली नाही, आणि निघाले असते तर परत कधी येता आलं असतं ते कोणी सांगत नव्हतं. भावाने मोबाईल उभा धरला आणि मी डायनिंग टेबलाशी बसून तिला शेवटचं पाहिलं. मध्येच रेंज गेली आणि चित्र थांबलं, ते आईच्या पायांवर थांबलं. त्यानंतर मला तो डबा हवा झाला. आईच्या साड्या, भांडी, चष्मा, सगळं साताऱ्यात बंद दाराआड होतं. तिचं नाव असलेली एकच वस्तू भारताबाहेर होती, आणि ती मी पाच वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या घरी सोडून आले होते.

त्या गावात आम्ही दोन वर्षं काढली. नवऱ्याच्या कंपनीचा कारखाना तिथे होता. चीनमधलं लहान गाव म्हणजे आपला अख्खा सातारा त्यात दोनदा मावेल, पण तरी ते लहानच. संध्याकाळी सगळ्या बायका चौकात रांगा करून नाचायच्या आणि सकाळी त्याच बायका बाजारात माझ्या पिशवीत डोकावून मी काय घेतलं यावर चर्चा करायच्या. गावात परदेशी म्हणजे आम्हीच. माझ्या टिकलीला तर एका बाईने बोट लावून पाहिलं, सुटते का म्हणून. मी लहान गावातच वाढलेली, त्यामुळे असल्या चौकशांचं मला कौतुक नव्हतं. साताऱ्यातून सुटले ते काय इथे येऊन पडायला, असं मी नवऱ्याला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायची.

आमच्या दारासमोर साठीच्या एक मावशी राहायच्या. एकट्याच. जिन्याच्या कठड्यावर मुळे वाळत घालायच्या आणि मी गार पाणी प्यायले की रागवायच्या. आम्ही राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या वाडगाभर डम्पलिंग घेऊन आल्या. कोबी आणि अंड्याचं सारण, छान होते. वाडगा धुतला आणि माझी पंचाईत झाली. आमच्यात आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, आणि घरात अजून काहीच लागलेलं नव्हतं. मग आई करायची तेच केलं. काही नसलं तर साखर घालावी. वाडग्यात दोन चमचे साखर घातली आणि नेऊन दिला.

मावशींनी साखरेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वाडगा आत नेला. दुसऱ्या दिवशी तोच वाडगा परत आला. डम्पलिंगच, पण या वेळी सारणात साखर. कोबी, अंडं आणि साखर! आम्ही दोघांनी पाण्याच्या घोटाबरोबर ते गिळले. इथे असंच खात असतील, असं नवरा म्हणाला. मी वाडग्यात पोहे घालून दिले. त्यांनी राजम्याचे गोड पाव दिले. मी शिरा दिला. एव्हाना मला कळून चुकलं होतं की रिकामं भांडं परत द्यायचं नाही हे त्यांच्यातही आहे. म्हणजे झालंच. दोघींपैकी एकीलाही थांबता येईना. दोन वर्षांत तो वाडगा आणि माझे डबे दोन दारांमधून इतक्या वेळा गेले-आले की नवरा म्हणायचा, "तुमच्या दोघींच्यात मधे ही दारं कशाला ठेवलीत कोण जाणे."

दुसऱ्या वर्षी जानेवारीत आई महिनाभर राहायला आली. हा कडीचा डबा तिनेच लाडू भरून आणला होता. संक्रांत आली तेव्हा ती म्हणाली, "तीळ मिळतात ना इथे? मग वड्या केल्याच पाहिजेत." तीळ मावशींनी आणले. गूळ म्हणून त्यांनी जे दिलं त्याचा तुकडा तोंडात टाकून आईने नाक मुरडलं. "हा कसला गूळ, नुसती तपकिरी साखर आहे," असं ती मराठीत म्हणाली आणि मावशींनी आनंदाने मान हलवली. दोघींना एकमेकींच्या बोलण्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. आईने पाकाचा थेंब पाण्यात टाकून दाखवला. मावशी घाई करून तीळ ओतायला लागल्या, तर आईने त्यांच्या हातावर फट्कन चापट मारली. मी शरमेने मेले. मावशी इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

त्या दुपारी मावशींनी मला साखरेबद्दल विचारलं. मी पहिल्या दिवशी वाडग्यात साखर का दिली? त्यांना वाटलं होतं, पोरगी परदेशातली आहे, तिला आपलं जेवण बेचव लागलं, तिला गोड हवं असेल. म्हणून त्यांनी नाइलाजाने सारणात साखर घातली होती. स्वतःला ते खाववलं नव्हतं. मी आमची पद्धत सांगितली. आई बाजूला बसून "काय म्हणतेय गं ती?" असं सारखं विचारत होती. तिला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. "नुसती साखर? पोहे तरी टाकायचे होतेस!"

पुढच्या उन्हाळ्यात नवऱ्याची शांघायला बदली झाली. मी देवापुढे साखर ठेवली. सामानाचा ट्रक दोन तास आधीच आला, आणि आईचा डबा तेव्हा मावशींकडे होता. "राहू दे, न्यायला येईन," मी खालूनच ओरडले. शांघाय रेल्वेने चार तासांवर तर होतं.

खोटं कशाला बोलू, शांघायमध्ये मी सुखात होते. सत्ताविसावा मजला, लिफ्ट, फोनवर बोट ठेवलं की अर्ध्या तासात कढीपत्ता दारात. मराठी कुटुंबं होती, गणपतीत आरतीला टाळ कमी पडायचे. माझ्या पिशवीत कोणी डोकावत नव्हतं. समोरच्या दाराआड कोण राहतं ते तीन वर्षांत कळलं नाही, बाहेर काढलेले बूट तेवढे ओळखीचे झाले होते. याचं मला तेव्हा वाईट वाटत नव्हतं, उलट सुटल्यासारखं वाटायचं. दर चिनी नववर्षाला मावशी आईच्या डब्याचा फोटो पाठवायच्या. खाली लिहायच्या, 'तुझा डबा आहे.' मी हसरे चेहरे पाठवायची. आज जाऊ, उद्या जाऊ, करत तीन वर्षं गेली आणि मी एकदाही गेले नाही. चार तास फक्त. मग ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आला आणि आम्ही सिडनीला आलो. फेब्रुवारीत शांघायचं घर आवरायला परत जायचंच होतं, तेव्हा नक्की जाऊ असं ठरवलं. त्या फेब्रुवारीत काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे.

आई गेल्यावर दोन आठवड्यांनी मी मावशींना आवाजी निरोप पाठवला. चार वेळा रेकॉर्ड केला, चार वेळा पुसला. शेवटी माझ्या गंजलेल्या चिनीत न चुकता म्हणता येतील एवढीच दोन वाक्यं म्हणाले. "मावशी, माझी आई गेली. तिचा डबा पाठवाल का?" दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "पाठवते." बाकी काही नाही. मला वाटलं, रागावल्या. रागवायला कारण होतंच.

पार्सल आलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. माणूस दाराशी ठेवून, लांबूनच "नो वरीज!" म्हणून गेलासुद्धा. खोका उघडून पुन्हा चिकटवलेला दिसत होता. आत गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेला डबा. हातात घेताक्षणीच वजनावरून कळलं. कडी काढली. रिकामा. सोबत छापील चिठ्ठी होती.

"आई, इट सेज दे टुक द फूड आउट," मुलीने वाचून सांगितलं. "होममेड कन्फेक्शनरी. सेसमी सीड्स. डिस्ट्रॉइड."

मी डब्यात नाक घातलं. करपलेल्या गुळाचा वास येत होता.

मग मी जे तोंड सोडलं ते लिहिण्यासारखं नाही. नवरा मीटिंग म्यूट करून बाहेर आला. "अगं, नियम आहे इथला. बिया चालत नाहीत. त्यांना काय माहीत?" नियम मलाही माहीत होता. पेंडल हिलच्या भारतीय दुकानात तिळाची पाकिटंच्या पाकिटं आहेत हेही माहीत होतं. पण जगात आईच्या हाताखाली वड्या शिकलेली बाई एकच होती, कारण मी कधी शिकले नाही. मला वाटायचं, आई आहे ना.

"इट्स ओके, आई," मुलगी म्हणाली, "वुई गॉट द डबा."

मावशींना व्हिडिओ कॉल लावला. केस पूर्ण पांढरे झाले होते. मास्क हनुवटीवर ओढलेला.

"पोचला?" त्यांनी विचारलं. "वड्या कशा झाल्या होत्या? तुझ्या आईसारख्या?"

"अगदी आईसारख्या," मी म्हणाले.

त्या बघत राहिल्या. "खोटं बोलतेस. माझा पाक पुढे गेला होता, दगड झाले होते दगड. तुझी आई असती तर चापट मारली असती."

मला रडू आलं. आई गेल्यापासून कोणापुढे असं आलं नव्हतं. हुंदके देत देत खरं काय ते सांगितलं: तपासणी, चिठ्ठी, सगळं. मावशींचा चेहरा उतरला. वड्या गेल्या याचं त्यांना काही नव्हतं.

"म्हणजे मी तुला रिकामा डबा पाठवला?"

"तुम्ही नाही, मावशी. इथल्या लोकांनी..."

"पोचला तर रिकामाच ना!" त्या खरंच कासावीस झाल्या होत्या. मग म्हणाल्या, "तुमच्यात काही नसलं की साखर घालतात ना? जा, माझ्या वतीने घाल. आत्ता, मला दिसेल अशी."

मी फोन ओट्याला टेकवून उभा केला आणि डब्यात दोन चमचे साखर घातली. त्यांनी वाकून पाहिलं, मान हलवली, आणि मी जेवले का ते विचारलं.

डबा फ्रिजवर आहे. आईचा आहे, मीच तो मागून घेतला, पण आता तो भरलेला आलाय. म्हणजे परत द्यायचा आहे. देशांची दारं उघडली की स्वतः घेऊन जाईन. वड्यांच्या पाकाचा अंदाज अजून येत नाही, रविवारी मुलीला घेऊन बसते.