मंदाकिनी पानसेंचा स्वतःचा बेड

मंदाकिनी पानसेला खाली झोपायची सवय आहे, असं तिच्या घरात सगळे म्हणतात. सवय म्हणे! चपलेत खिळा टोचत असला तरी माणूस चालतोच, म्हणून त्याला खिळा आवडतो का? हा शब्द ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. मंदाची गोष्ट सांगताना तो सारखा येणार आहे, तेव्हा आधीच सांगून ठेवते.

आम्ही बिबवेवाडीत एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो. मंदा साड्यांना फॉल-पिको करते. दिवसभर मशीनवर वाकून बसायचं, संध्याकाळी कंबर धरून उठायचं आणि कुकर लावायचा. लग्न होऊन शनिवार पेठेत आली तेव्हा घरात एकच पलंग होता, तो सासऱ्यांचा. इथे फ्लॅट झाला, तर बेडरूममध्ये मुलगा, सून आणि नातू. हॉलमधल्या दिवाणावर तिचे यजमान गोपाळकृष्ण, रिटायर्ड हेडक्लार्क, कारण त्यांची कंबर नाजूक. आणि मंदा खाली फरशीवर, पातळ गादी घालून. सगळ्यांच्या आधी उठून ती गादी गुंडाळून ठेवते, त्यामुळे ही बाई झोपते कुठे, असा प्रश्नसुद्धा कुणाला पडत नाही.

गेल्या डिसेंबरात आमच्या सोसायटीतल्या बायकांनी पानशेतच्या पाण्याकाठी तंबूत राहायला जायचं ठरवलं. पुढाकार वासंतीचा. ती शाळेत पीटी शिकवायची, अजूनही आम्हाला रांगेत उभं करायची तिची हौस फिटलेली नाही. मी मंदाला विचारलं, तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, "येणार." मग वासंतीने नियम सांगितले. प्रत्येकीला अंथरायला एक पातळ कॅरीमॅट मिळेल, गाद्या-उशांचे लाड चालणार नाहीत. खडे टोचले तर टोचले, तीच तर मजा!

"ती मजा मी रोज घेते," मंदा म्हणाली. "तंबूत मी बेडवर झोपणार."

"अगं, तुला तर खाली झोपायची सवय आहे," वासंती म्हणाली.

"म्हणूनच."

वासंतीने यादीत मंदाच्या नावापुढची कॅरीमॅट खोडली. तेव्हाच मला कळलं की मंदाचं पानशेतवर तेवढं लक्ष नाही. तिला दोन रात्री तिच्या नावाच्या बेडवर काढायच्या होत्या, आणि त्यासाठी ती कुणाशीही भांडायला तयार होती.

आधी मी माझ्या भाच्याची हवेची गादी आणली. पंप मारून मारून दोघींना धाप लागली. मंदा तिच्यावर आडवी झाली, तर ती मधे खोल गेली आणि कडा दोन्हीकडून वर आल्या. कूस बदलली की गादी किंचाळायची. तासाभराने पाहिलं तर निम्मी हवा गेलेली. "हिच्यापेक्षा आमची फरशी बरी, निदान आवाज तरी करत नाही," असं म्हणून मंदाने ती गादी परत दिली.

मग आम्ही टिळक रस्त्यावर ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि विचारलं, "नातवासाठी का?"

"मला," मंदा म्हणाली.

त्याने जाड फोमची गुंडाळी उलगडली. मंदा चपला काढून सरळ तिच्यावर झोपली. "अहो बाई, बघून घ्या, झोपून नका बघू!" तो म्हणाला.

"चपला पायात घालून बघतात ना? मग बेड काय हातात धरून बघू?"

फोम मऊ होता, पण उठताना मी आणि दुकानदार दोघांनी तिला ओढून काढली. "तंबूत मला ओढायला कोण येणार?" म्हणून तो बाद झाला. मग एक उंच खाट निघाली. तिच्यावर बसल्यावर मंदाने हात वर करून बघितलं आणि विचारलं, "तंबूचं छप्पर उतरतं असतं ना? मग माझं डोकं कुठे जाणार?" दुकानदार आता जरा नीट बोलायला लागला. त्याने घडीची एक बुटकी खाट उघडली. ताणलेलं कापड, पायांना रबराच्या रुंद टोप्या, म्हणजे तंबूचा तळ फाटायला नको. खालून वारा लागेल, वर एखादी घोंगडी घाला, असंही त्याने सांगितलं.

मंदा कुशीवर वळली, हात गालाखाली घेतला आणि गप्प झाली. मी हाक मारली. उत्तर नाही. बाई झोपली होती! बाहेर टिळक रस्ता हॉर्न वाजवतोय आणि ही लहान मुलासारखी गाढ झोपलेली.

"अहो, त्यांना उठवा, गिऱ्हाइकं येतात," दुकानदार म्हणाला.

"येऊ देत. मी उठवणार नाही," मी म्हटलं. "आणि तुम्हीही उठवून दाखवा बरं!" त्या माणसाने मान हलवली आणि पंखा तिच्याकडे वळवला. मला मात्र इतकं भरून आलं, की मी उगाच भिंतीवरचे दोर बघत उभी राहिले.

जागी झाल्यावर मंदाने पिकोच्या पैशांतून ती खाट घेतली आणि पिशवी खांद्याला लावली. मी हात पुढे केला, तर म्हणाली, "राहू दे, माझी मी नेईन."

निघायच्या आदल्या संध्याकाळी नेमके आप्पासाहेब आले. हे गोपाळकृष्णांचे थोरले भाऊ, साताऱ्याचे. मी तिथेच मंदाची बॅग भरायला बसले होते. जेवणं झाली, पाहुण्यांसाठी दिवाणावर स्वच्छ चादर आली. गोपाळकृष्णांनी खाटेच्या पिशवीवर हात ठेवला.

"ही उघड बरं. आज मी हिच्यावर पडतो. तुला काय, खाली झोपायची सवयच आहे."

मी उठणारच होते, पण मंदानेच पिशवी ओढून घेतली. तिने खाट उघडली, हॉलच्या मधोमध मांडली, घोंगडी घातली आणि तिच्यावर आडवी झाली.

"अगं, हे काय? मी कुठे झोपू?"

"खाली."

"माझी कंबर!"

"मलाही आहे एक."

आप्पासाहेब अवघडून उठायला लागले. "मी झोपतो की खाली, त्यात काय!"

"तुम्ही बसा, आप्पासाहेब," मंदा पडल्या पडल्याच म्हणाली. "तुम्ही पाहुणे. हे आमच्या दोघांतलं आहे. मला सवय नव्हती, मला राग येत होता. रोज येत होता. आता आणखी नाही गिळायचा."

बेडरूमचं दार किलकिलं झालं. मुलगा डोकावला, सून डोकावली. गोपाळकृष्ण हॉलमध्ये इकडे तिकडे बघत उभे राहिले, आणि मग त्यांनी हळूच विचारलं, "गादी कुठे असते?"

स्वतःच्या घरात! मला हसूही आलं आणि संतापही आला. मंदाने बोटाने कपाटाचा माळा दाखवला आणि डोळे मिटले.

सकाळी तिला बोलवायला गेले, तर गोपाळकृष्ण दाराशी कंबर धरून उभे. तोंड उतरलेलं. "रात्रभर डोळा लागला नाही," ते मला सांगू लागले. "फरशी फार लागते हो."

"लागते ना?" मंदा खाटेचे पाय दुमडत म्हणाली. "मला कधी विचारलंत?"

खाली वासंतीची शिट्टी वाजायला लागली होती. मंदाने पिशवी खांद्यावर घेतली आणि उंबऱ्यात वळली.

"परत आल्यावर ही खाट हॉलमध्येच राहणार. रोज. जागा करून ठेवा."

"अगं, पण हॉलमध्ये जागा आहे कुठे?"

"मी दोन दिवस नाहीये," मंदा म्हणाली. "तोवर शोधा."