गोणपाटावरची दुसरी यत्ता

मास्तरांनी फडकं मागवलं. मी बसलो होतो ती बाकाची जागा पुसायची होती. फडकं माझ्याच हातात दिलं.

बाकं त्याच सकाळी शाळेत आली होती. आठ बाकं, नव्या लाकडाचा वास. मिठागराच्या मालकानं दिलेली, कारण त्याचे दोन मुलगे तिथं शिकत होते. मी आठ वर्षांचा. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा दिसला, जाऊन बसलो. पाय जमिनीला टेकत नव्हते, ते हलवत बसलो. घंटा झाली, पोरं आली, मास्तर आले. मला उठायचं सुचलंच नाही. मला वाटलं, बाकं शाळेची आहेत.

"ऊठ रे खारट," मास्तर म्हणाले. "तुझ्या अंगाला मीठ. बाकाचे खिळे गंजतील."

वर्ग हसला. मी पुसलं. मास्तरांनी बोट फिरवून बघितलं आणि पुन्हा पूस म्हणाले. पुन्हा पुसलं. मग मालकाचा धाकटा तिथं बसायला आला. बसायच्या आधी त्यानं त्या जागेवर फुंकर मारली.

साठ सालानंतरची गोष्ट. नक्की वर्ष मला सांगता येत नाही, आमच्या घरात कॅलेंडर नव्हतं. आज भाईंदर पूर्वेला जिथं इमारतीला इमारत चिकटलीय, तिथून खाडीपर्यंत तेव्हा मिठागरं होती. माझा बा कुलाबा जिल्ह्यातून मिठागरावर मजुरीला आला तो इथलाच झाला. बांधावर झोपडं. गोडं पाणी प्यायला पुरत नव्हतं, आंघोळ खाऱ्या पाण्याची. अंग वाळलं की कातडीवर पांढऱ्या रेघा उमटायच्या. तेव्हा माझ्या अंगाला मीठ होतं, हे खरं. मालकाच्या अंगाला नव्हतं. तो बांधावर छत्री धरून उभा राहायचा.

आम्ही मिठागरावरची बारा-तेरा पोरं. आम्ही बसायचो गोणपाटावर. गोणपाटही घरून आणायचं. जागा ठरलेली, सगळ्यात मागे, दाराजवळ. बाकं येण्याआधी निदान फळा दिसायचा. बाकं आली आणि आमच्या पुढ्यात पाठींची भिंत उभी राहिली. जमिनीवरून फळ्याचा वरचा अर्धा भाग दिसे, खालचा नाही. मास्तर वर गणित घालायचे आणि खाली सोडवायचे. आम्हाला गणित दिसायचं, उत्तर दिसायचं नाही. गुडघ्यावर उभं राहिलं की छडी. मग मास्तर विचारायचे, आम्ही गप्प, आणि मास्तर बाकांकडे बघून म्हणायचे, यांच्या डोक्यातही खारं पाणीच भरलंय. बाकं हसायची.

माझ्या शेजारी बसणारा एक पोरगा होता. त्याला बोटंसुद्धा मोजावी लागत नव्हती, तोंडी हिशेब असा करायचा. ढीग बघून टोपल्या किती होतील ते सांगायचा. मुकादम त्याला विचारून घ्यायचा. शाळेत तो ढ होता.

पौष महिना लागला की मिठागर सुरू व्हायचं. उन्हानं पाणी आटायचं, मीठ धरायचं, ते ओढून, टोपल्यांनी वाहून, पावसाआधी रास झाकायची. मजुरी घरटी असायची, म्हणजे घरातली सगळी माणसं कामाला. मग बा शाळेच्या दारात येऊन उभा राहायचा. मास्तर विचारायचेही नाहीत. हातानं खूण करायचे, जा. एकेक करून सगळं गोणपाट रिकामं व्हायचं. परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर. तेव्हा आम्ही टोपल्या वाहत असायचो. जूनमध्ये पाऊस पडला, काम बंद झालं, की परत शाळेत. परत दुसरीत.

मी दुसरीत तीन वर्षं बसलो. तिसऱ्या वर्षी बाकावरची पोरं चौथीत गेली होती आणि मी त्यांच्या धाकट्या भावांच्या पाठी बघत होतो. घरी बाला विचारलं, मी तिसरीत कधी जाणार. बाला खरंच आश्चर्य वाटलं. तो म्हणाला, "तिसरी त्यांची हाय. आपली दुसरी. मिठागरावरच्या पोरांची शाला दुसरीपरतच असतीय."

तो खोटं बोलत नव्हता. थट्टाही करत नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर मिठागरावरचं एकही पोर तिसरीत गेलं नव्हतं. त्याला वाटलं, सरकारचा तसा कायदाच असेल. मलाही पटलं. मी शाळा सोडली. सगळ्यात जास्त लाज मला याची वाटते. फडकं हातात घेतल्याची नाही, पटल्याची.

पुढं लग्न झालं. बायको पलीकडच्या मिठागरावरची. तिनं शाळेचं दारही बघितलेलं नव्हतं. बोलायला फटकळ, टोपली उचलायला माझ्याहून वरचढ. आम्हाला मुलगी झाली. ती सहा वर्षांची झाल्यावर बायकोनं तिला त्याच शाळेत घातली. मी अडवलं नाही. दोन वर्षं शिकेल, मग आहेच मिठागर, असं माझ्या डोक्यात.

मुलगी दुसरीत गेली. पौष लागला. आणि मी शाळेच्या दारात जाऊन उभा राहिलो. जसा बा उभा राहायचा तसाच. मुलीला न्यायला.

मास्तर नवा होता, माझ्यापेक्षा लहान. बाकं तीच. मालकाच्या घरची मुलं आता गाडीनं मुंबईच्या इंग्रजी शाळेत जात होती. त्यामुळं वर्गात दोन बाकं रिकामी होती. दोन्हींवर कोणी नाही. त्यांच्या मागे गोणपाट आणि गोणपाटावर आमची पोरं. माझी मुलगी गुडघ्यावर उभी राहून, मान लांब करून फळ्याचा खालचा भाग बघत होती. बाकांमधून फिरणाऱ्या मास्तरानं जाता जाता, न बघताच पट्टी मारली. सवयीची पट्टी होती. ती बसली. तिनं मला बघितलं आणि दप्तर आवरायला लागली. तिलाही ठाऊक होतं, बाप कशाला आलाय.

मी दारातून विचारलं, गुरुजी, बाकं रिकामी हायत, पोरगी तिथं का बसत न्हाय.

तो रागावला नाही. हसला. म्हणाला, "तुम्ही तिला न्यायलाच आलात ना? मग ती कुठं बसते याच्याशी तुम्हाला काय करायचंय?"

मास्तर बरोबर बोलला होता. त्यांनी मागे बसवायचं आणि आम्ही उठवून न्यायचं, असं दोघांनी मिळून चाललं होतं. त्यांच्या एका हाताला माझा एक हात होता. हे कळलं तेव्हा माझे कान तापले. छडीनं कधी तापले नव्हते एवढे.

मी वर्गात गेलो. चिखलाचे पाय घेऊन गेलो. मुलीला उचललं आणि पुढच्या रिकाम्या बाकावर बसवलं. मास्तर म्हणाला, हे चालणार नाही, मी वर कळवीन.

मी म्हणालो, "कळवा. न्यायला आलो होतो. आता नेनार न्हाय. परीक्षेपरत ती हितंच बसनार. तिला उठवलंत तर मी येऊन बसनार."

घरी गेलो तो रिकाम्या हातानं. बायकोला सांगितलं. मला वाटलं ती भडकेल, कारण घरातलं एक माणूस कमी म्हणजे मुकादम झोपडं खाली करायला सांगणार. ती चुलीपुढे बसली होती. ऐकून घेतलं, आणि म्हणाली, इतकी वर्सं कुठं गेली होती ही अक्कल. एवढंच.

मुकादम दुसऱ्या दिवशी आलाच. घरटी तीन माणसं ठरलीत, तिसरं कुठाय म्हणून. मी तोंड उघडायच्या आधी ती पुढं झाली.

"टोपल्या मोज," ती म्हणाली. "डोकी मोजू नको."

आणि त्या हंगामात तिनं मुलीच्या वाट्याच्या टोपल्या स्वतः वाहिल्या. मी माझ्या वाढवल्या, पण तिच्याइतक्या नाही, हे इथं लिहून ठेवतो. ती वाहत राहिली, उन्हात, भेगाळलेल्या पायांनी, शेवटच्या दिवसापर्यंत. बाकीच्या बायका म्हणायच्या, पोरीला मास्तरीण करतेय. ती म्हणायची, मास्तरीण नाही, तिसरीत घालतेय.

मास्तर बाकावर बसलेल्या मुलीशी महिनाभर एक शब्द बोलला नाही. पण आता तिला फळा पूर्ण दिसत होता. परीक्षा झाली. मुलगी तिसरीत गेली. मिठागरावरचं पहिलं पोर. आमच्या बायकांनी त्या दिवशी येऊन तिच्याकडे असं बघितलं, जसं ती विलायतेच्या बोटीतून उतरलीय.

पुढच्या पौषात आणखी चार घरांनी पोरं नेली नाहीत. बाकीच्यांनी नेली. त्यांच्याकडे दोन माणसांच्या टोपल्या वाहणारी बाई नव्हती, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. मुलगी मॅट्रिकपर्यंत पोचली, एकदा नापास होऊन. लिहायला-वाचायला मला तिनंच शिकवलं. पण एक पोर वर गेलं म्हणून शाळा चांगली होती असं कोणी मला सांगू नये. टोपल्यांचा हिशेब तोंडी करणारा तो माझा जोडीदार मिठागरावरच म्हातारा झाला आणि तिथंच गेला. दुसरी नापास.

माझी बायको दोन महिन्यांपूर्वी गेली. डोक्यावर दुप्पट टोपल्या वाहिल्या त्या हंगामानंतर तिची मान डावीकडे कधी वळली नाही. त्या बाजूनं हाक मारली की ती अख्खी वळायची. चाळीसहून जास्त वर्षं तशी वळली. मला अजून सवय गेली नाही. चहा झाला की मी उजव्या बाजूला जाऊन हाक मारतो, तिला त्रास नको म्हणून. मग आठवतं.

मागच्या आठवड्यात शाळेकडून दोन तरुण मुलं आली. शाळेचा मोठा वाढदिवस आहे, मंडप घालणार, स्मरणिका काढणार. मालकाचा नातू अध्यक्ष. मुलं चांगली होती, पायातल्या चपला बाहेर काढून आली. म्हणाली, आजोबा, तुम्ही सगळ्यात जुन्या विद्यार्थ्यांपैकी, शाळेच्या दोन गोड आठवणी द्या, स्टेजवर तुमचा सत्कार करू. मी विचारलं, इतरांनी काय लिहिलंय. त्यातला एक म्हणाला, सगळ्यांनी लिहिलंय की तेव्हा गरीब-श्रीमंत असा भेदच नव्हता, सगळी एकत्र शिकत होती. आणि समजुतीनं पुढं म्हणाला, थोडंफार असेल आजोबा, तो काळच तसा होता.

काळानं फडकं माझ्या हातात दिलं नव्हतं. मास्तरांनी दिलं होतं.

म्हणून हे लिहून देतोय. शुद्धलेखन सुधारा, बाकी काही सुधारू नका. शाल आणि नारळ नको. शाळेत हजेरीचे जुने पट अजून असतील. ते काढा. मिठागरावरच्या पोरांपैकी किती जण दुसरीच्या पटावर होते आणि किती जण चौथीच्या, ते मोजा आणि मंडपात मोठ्यानं वाचा. अध्यक्षांनीच वाचावं.

पट सापडले नाहीत असं सांगू नका. नाही सापडले तरी मी त्या दिवशी येणार आहे. मंडपाच्या मधोमध उभा राहून एकेक नाव घेणार आहे. गोणपाटावरची सगळी नावं मला पाठ आहेत. मला खाली बसा म्हणू नका. सगळी नावं घेऊन झाल्याशिवाय मी बसणार नाही.