मुक्कामाची जागा

ओहायो राज्यातल्या डब्लिनमधल्या आमच्या शेजारच्या काकांनी रिटायर झाल्यावर आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, घेतली. ओहायो नदीच्या खोऱ्यात फिरायला निघाले की काकूंबरोबर मलाही नेतात. मुक्कामाला गाडी लावायचं कॅम्पग्राउंड निवडायची त्यांची तऱ्हा वेगळीच. रिव्ह्यू कितीही चांगले असोत, आत शिरताच दिसेल त्या पहिल्या माणसाला ते हात करतात आणि उत्तराची वाट बघतात.

परवा अगदी पाण्यालगतची जागा मिळाली होती. तिथे खुर्चीत बसलेल्या माणसाने आमच्याकडे नुसतं रोखून पाहिलं. काकांनी गाडी वळवली.

"काका, बुकिंग झालंय! त्याला दिसलं नसेल."

"दिसलं रे. आपला रंगही दिसला. तुझी काकू आहे मागे. पुढे जाऊ."

पुढच्या कॅम्पग्राउंडवर एक म्हाताऱ्या बाई झाडांना पाणी घालत होत्या. काकांनी हात करताच त्यांनी नळी खाली टाकून दोन्ही हात हलवले, लगबगीने आल्या आणि गाडी मागे घ्यायला दिशा दाखवू लागल्या.

इंजिन बंद करून काकांनी घामेजलेले तळवे पँटला पुसले. इतका वेळ ते घाबरले होते, हे मला तेव्हा कळलं.

"उतर रे," ते हसत म्हणाले, "चहा टाकू. आणि बाईंना विचार, साखर किती?"