वस्तादांचा तीस फुटी हौदा

सत्तर सालचा आषाढ. गल्लीतल्या तालमीचा कुस्तीचा हौदा दुप्पट करायचं आकाराम वस्तादांनी मनावर घेतलं आणि त्यांच्यापुढं बोलायची कुणाची टाप नव्हती. हौदा पंधरा फूट लांब, पंधरा फूट रुंद. वस्तादांनी दोन्ही बाजू तीस फूट केल्या. जुन्यात आठ गाड्या तांबडी माती होती, म्हणून आणखी आठ आणवल्या. ताक, तेल, हळद घालून माती मळली. खोऱ्यानं उकरली की भरगच्च दिसायची. झालं की दुप्पट!

नागपंचमीच्या कुस्त्यांच्या मैदानाला चार दिवस उरले असताना त्यांचा भाचा गुंडू सरावात आदळला आणि खांदा मोडला. डॉक्टर म्हणाले, कुस्ती विसरा. आईमागं ज्याला वस्तादांनी पोटच्या पोरासारखं वाढवलं, तोच हा गुंडू.

"पडायला येत न्हाई त्येला," गल्ली म्हणाली. वस्तादांच्या जिवाला ते लागलं. पडायचं त्यांनीच तर शिकवलं होतं!

दोन दिवसांनी ते एकटेच हौद्यात उतरले, मातीत हात खुपसला. हातभर हवी तिथं वीतभर माती, खाली कडक जमीन. माती गेली कुठं? त्यांनी सुतळीनं जुन्या हौद्याचा चौकोन नव्यात आखला. शेजारी दुसरा बसला. पुढं आणखी दोन. एकूण चार! बाजू दुप्पट केली की जागा चौपट होते, हे साधं गणित आता कळत होतं! पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस, तिसाचा नऊशे. सोळा गाड्या पुरणार होत्या साडेचारशे चौरस फुटांना. मग बाजू किती हवी होती? शाळेत ज्याला वर्गमूळ म्हणतात, ते वस्ताद मातीत बोटानं शोधू लागले. विसाचा वर्ग चारशे, कमी पडला. बाविसाचा चारशे चौऱ्याऐंशी, जास्त झाला. एकविसाचा चारशे एक्केचाळीस. म्हणजे एकवीस फुटांच्या जरा वर. बस्स, एवढंच. तालमीत रडायचं नाही हा त्यांचाच नियम. ते ढसाढसा रडले.

गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पण ते तसेच मातीच्या अंगानं गुंडूच्या खाटेपाशी गेले.

"तू बराबर पडलास, गुंड्या. हौदा चुकला माझा," ते म्हणाले आणि चादरीवर बोटानं चार चौकोन काढून त्याला सगळं सांगितलं.

गुंडूनं चांगल्या हाताचं बोट एका चौकोनावर ठेवलं.

"मामा, एकवीस फुटाचा असता तर?"

"तर परवा नागपंचमीला लढला असतास की रं."

गुंडूनं भिंतीकडं तोंड फिरवलं.