गोणपाटातले शंभर दाणे

मी चौथी शिकलो. शंभरापर्यंत मोजता येतं, आणि ही गोष्ट सांगायला तेवढंच लागतं. म्हणून लिहायला बसलो.

आमच्या मधल्या खोलीत लाकडी फळ्यांवर सोयाबीनची तीन पोती होती. बियाण्याची. ती माझ्या बायकोनं दिवाळीच्या आधी करून ठेवली होती. माघात ती गेली. पोती राहिली.

गावात सगळे मळणीयंत्रातून सोयाबीन काढतात, आम्हीही काढतो. पण बियाण्यापुरतं ती यंत्राजवळ जाऊ देत नसे. ताडपत्रीवर झाडं पसरून काठीनं हलक्या हातानं बडवायची. सोयाबीनच्या दाण्याचं साल कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ असतं. दाणा आदळला की आतला कोंब मरतो, आणि वरून तो पुष्कळदा चांगला गोरागोमटा दिसतो. एका मजुरानं पोतं धाडकन टाकलं होतं, तर त्याला म्हणाली, "अरे, तुह्या सासऱ्याचं डोस्कं हाय का ते? हयू ठेव, हलक्या हातानं." पोत्यावर पोतं ठेवायचं नाही आणि पोत्यावर माणसानं तर बसायचंच नाही, असा घरात कायदा होता.

तो कायदा मी मोडला. ती गेल्यावर मी खिडकीजवळच्या पोत्यावर बसायला लागलो. तिथून चूल दिसते. सकाळी बसायचो, दुपारी जेवून बसायचो, दिवेलागणीला बसायचो. असे चार महिने काढले. मला ऊठ म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही.

बसून करत काय होतो? शिव्या देत होतो. छातीत दुखतं म्हणाली आणि वाशीमच्या दवाखान्यात पोचायच्या आधी गाडीतच गेली. त्या रस्त्याला शिव्या, रस्त्यातल्या खड्ड्यांना शिव्या, देवाला शिव्या. त्यातून वेळ उरला की सोयाबीनच्या भावाला, मग आभाळाला. आभाळाला तर मी तरुणपणापासून देतो. ती असताना एकदा दोनदा ऐकून घ्यायची, मग म्हणायची, "आभायाले शिव्या देऊन झाल्या असतील तर सूप धरा." मी कधी धरलं नाही.

मिरगाला महिनाभर होता तेव्हा पोरगा मोटरसायकलवर आला. तो वाशीमला एका दुकानात कामाला आहे. पेरणीचं तोच पाहतो आता, माझ्यानं होत नाही. चहा पिऊन झाल्यावर हळूच म्हणाला, "बाबा, हे तिन्ही पोते बजारात देऊन टाकू. मी दुकानातून थैल्या आनतो."

"काहून? तुह्या मायनं केलेलं बियानं हाय ते."

"ते उगवन का नाई कोनाले मालूम? तुमी चार महिने त्याच्यावर बसून राह्यले."

मला राग आला. कारण तो खरं बोलला होता. तिनं केलेलं शेवटचं काम म्हणजे ती पोती, आणि ती तेलाच्या मिलमध्ये गेली असती तर तिचं वावरात काहीच राहिलं नसतं. आणि मारली कोणी? तर मी. बुडाखाली घेऊन.

मी म्हणालो, "पंधरा दिवसांनी ये. तुही माय करे तशी मी उगवन पाह्यतो. शंभरातले सत्तर उगवले तर पेरू. सत्तरच्या खाली गेलं तर ने बजारात."

"बरं," म्हणाला. पण जाताना त्यानं पोत्यांकडे असं पाहिलं, जसं आपण दवाखान्यात खाटेवरच्या माणसाकडे पाहतो.

आता माझी फजिती ऐका. उगवण पाहायचं काम ती दरवर्षी उन्हाळ्यात करायची. चाळीस वर्षं माझ्या समोर झालं. मी तिकडे पाहिलंच नाही, मी आभाळ पाहत होतो. तिच्यामागे मला स्वयंपाकातलं एकच काम जमायला लागलं होतं, उसळीसाठी मटकी भिजवायची. कोंब काढायचे म्हणजे काढायचे, त्यात काय मोठं! मी शंभर दाणे मोजले, गंजात, म्हणजे पातेल्यात, रात्रभर पाण्यात ठेवले, सकाळी फडक्यात बांधून खुंटीला टांगले.

तिसऱ्या दिवशी फडकं सोडलं. आत लगदा. चार दाण्यांना कोंब होते, तेही काळे पडलेले. वास असा की माशा घोंगावायला लागल्या.

मी तिथंच भुईवर बसलो. पोत्यावर बसायची इच्छा झाली नाही.

माझी मेहुणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, याच गावात दिली आहे. ती माघापासून रोज सकाळी मला भाजी आणून देते. त्या दिवशी दारातच तिनं पदर नाकाला लावला.

"काय मेलं भाऊजी घरात?"

"तुह्या बहिनीचं बियानं."

तिनं फडक्यात डोकावून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग गंजाकडे. "रातभर पान्यात ठेवलं व्हतं का?"

"हो."

आणि ती हसायला लागली. माघापासून या घरात कोणी हसलं नव्हतं. भिंतीला हात टेकून हसली बाई. "सोयाबीन हाय ते भाऊजी, मटकी नाई! इतकं पानी पेलं तर जिता दानाबी मरते. खा आता उसळ करून!"

"मंग कसं करतेत?"

"आक्का दरसाल तुमच्या नाकासमोर करे. नाक कुठी व्हतं तुमचं?"

"आभायात," मी म्हणालो. दुसरं काय सांगू?

पण मला एकदम उभारी आली. म्हणजे पोतं मेलं नसेल! मेली ती फक्त माझी उसळ! मी तिला भाजीचा डबा खाली ठेवू दिला नाही. म्हणालो, "सांग, आत्ताच्या आत्ता सांग."

गोणपाट धुऊन, पिळून, ओलं करून पसरायचं. प्रत्येक पोत्यातून वरचे, मधले, तळाचे दाणे घ्यायचे. दहा-दहाच्या दहा ओळी लावायच्या, कोरड्याच. वरून दुसरं ओलं गोणपाट टाकायचं, चटईसारखी गुंडाळी करून बांधायची आणि माठाजवळ सावलीत ठेवायची. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. ओलं राहिलं पाहिजे, पाणी साचता कामा नये. पोतं वेगळं तर गुंडाळीही वेगळी.

मी ओळी लावत होतो आणि मेहुणी शेजारी उभी राहून पाहत होती. माझी बोटं आपोआप जाडजूड, सुंदर दाण्यांकडे जायची. तिनं ओळखलं.

"निवडून निवडून घेऊन राह्यले का? वावरातबी असंच एक-एक निवडून पेरसाल?"

मी ती ओळ मोडली आणि डोळे मिटून मूठ भरली.

बांधायला बायकोच्या जुन्या लुगड्याचे काठ काढले. त्यातला हिरवा काठ खिडकीजवळच्या पोत्याच्या गुंडाळीला बांधला, म्हणजे ओळखू येईल.

मग ते पाच दिवस! लग्नाच्या आधी मी इतका उतावीळ नव्हतो. पहाटे उठून पहिलं काम म्हणजे पाणी शिंपडणं. बाहेर पारावर माणसं पाऊस कधी येणार, भाव कुठवर जाणार, यावर भांडत होती. बायको होती तेव्हा मी पण रोज भांडायचो. आता मला तिकडे बसवत नव्हतं. केनवडच्या बाजारात गेलो तर अर्ध्या बाजारातून परत निघालो. ओळखीचा एक जण म्हणाला, "काय घाई हाय बुवा? घरी कोन वाट पाहून राह्यलं?" विचारून बिचारा ओशाळला, त्याला माझी बायको आठवली. मी म्हणालो, "तीनशे जन हायेत घरी, पान्यावाचून." त्याला वाटलं, म्हातारा गेला कामातून.

तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. हिरव्या काठाची गुंडाळी जराशी उकलली. आत पांढरी टोकं! तांदळाच्या कणीएवढी! किती आहेत ते मोजलं नाही, घाबरलो. तेवढ्यात मेहुणी आली, दारातूनच ओरडली, "झाका ते! पोटातलं लेकरू कोनी काढून पाह्यते का?" झाकलं.

ठरल्याप्रमाणे पोरगा आला. मी अंगणात सावलीला ताडपत्री टाकून ठेवलीच होती. पहिली गुंडाळी उघडली. अरे, काय दिसत होतं ते! पांढरे, वाकडे, रसरशीत कोंब, गोणपाटाच्या सुतात शिरलेले. मी मोठ्यानं मोजत गेलो, पोरगा माझ्यामागे मनात. ब्याऐंशी! मी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की तो पुढे गेला. दुसरी उघडली. एकोणऐंशी!

"माय माय," पोरगा म्हणाला, "दुकानातल्या थैलीचे इतके येत नाईत."

तिसरी, हिरव्या काठाची. पहिल्या ओळीत आठ आले. दुसरीत पाच. तिसरीत सहा. मी मोजत होतो तसा माझा आवाज खाली जात होता. एकसष्ट.

मी परत मोजलं. एकसष्टच.

मग पोरगा म्हणाला, "बाबा, दोन पोते तं चांगले हायेत ना. हे एक देऊन टाकू. काई नाई होत."

काही होत नाही कसं? तिनं फळीवर निजवून ठेवलेलं, मी बसून मारलेलं. मी म्हणालो, "त्या पोत्यावर माहा भार होता चार महिने. आता तो भार माघारी घेता येते का?"

मेहुणी खाली बसली. न उगवलेला एक दाणा तिनं चिमटीत धरला. त्याच्या दोन डाळी झाल्या. दुसरा धरला, त्याचं साल निघालं. "हे पाहा. उगवले नाई ते सारे फुटके दाने हायेत. अख्खे व्हते ते उगवले. मंग फुटके काढून टाका ना पोत्यातून. आक्का काढे." आणि वर म्हणाली, "हात हायेत ना तुमाले? का तेबी शिव्या द्यालेच ठेवले?"

पोरगा हसला. मी उठून घरात गेलो आणि सूप घेऊन आलो.

पोराकडून आणखी दहा-बारा दिवस मागून घेतले. खिडकीजवळचं पोतं उघडलं आणि परातभर, परातभर निवडायला बसलो. सूप मी आयुष्यात धरलं नव्हतं. पहिल्या दिवशी अर्धं अंगणात गेलं, कोंबड्यांची दिवाळी झाली. दुसऱ्या दिवशी मनगट कुठून वळवायचं ते कळलं. तिच्या सुपाची एक कड बोटांनी झिजून गुळगुळीत झालेली आहे. धरायचं तिथंच असतं, ते सुपानंच मला शिकवलं. फुटकं, सालपट, सुरकुतलेलं बाजूला. अख्खं, तुकतुकीत इकडे. पाठ भरून यायची, डोळे चुरचुरायचे, पण दिवस कुठं गेला ते कळत नव्हतं. पोत्यावर बसलेले चार महिने मात्र मला एक-एक दिवस मोजून आठवतात.

मधेच पोराचा फोन आला. "बाबा, मोबाईलवर पाऊस लांबला दाखवते."

"दाखवू दे. माह्याजवळ टाइम नाई."

पाचव्या दिवशी पोतं निवडून झालं. जवळजवळ चौथाई फुटकं निघालं, ते सरकीच्या ढेपेसोबत गोठ्यातल्या गोऱ्ह्याला घातलं. उरलेल्यातून डोळे मिटून शंभर दाणे घेतले, ओळी लावल्या, हिरवा काठ बांधला. परत पाच दिवस. या वेळी मधे उघडलं नाही.

उघडायच्या दिवशी पोरगा यायचा होता, पण मला दम धरवत नव्हता. मेहुणी भाजी घेऊन आली तशी तिला अंगणात बसवलं आणि काठ सोडला. पहिल्या ओळीत सात. दुसरीत आठ. तिसरीत सात. मी बोट ठेवून ठेवून मोजत होतो. साठ झाले तेव्हा दोन ओळी राहिल्या होत्या. एकसष्टाला मी थांबलो नाही. सत्तर! एकाहत्तर, बहात्तर... शेवटच्या ओळीतला शेवटचा दाणा मी उचलून उन्हाकडे धरला. बारीक होता, पण होता कोंब.

मी तसाच उठलो, घराकडे तोंड केलं आणि ओरडलो, "अवं, त्र्याहत्तर!"

चुलीकडून काही आवाज आला नाही.

मेहुणीनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं गोणपाटावर हातानं थोडं पाणी शिंपडलं आणि कोंब झाकले. मग म्हणाली, "आयकलं असन तिनं, भाऊजी. पोतं शिवून घ्या आता. आन खिडकीजवळ एखादा पाट ठेवा बसाले."